विजेची पंगत

पंगतीत वाढणाऱ्या माणसाकडे लक्ष देऊन पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. जेवायला बसलेल्याचं लक्ष पानाकडे असतं, यजमानाचं व्याह्यांकडे असतं आणि मुलांचं जिलबीच्या परातीकडे. वाढप्याकडे पाहतो कोण? पण ज्याने कधी निवांतपणे पाहिलं असेल, त्याला एक गोष्ट दिसली असेल. चांगला वाढपी हाताला येईल ते भांडं घेऊन पानाशी येत नाही. तो आधी मीठ घेऊन येतो. चिमूटभर मीठ पानाच्या वरच्या अंगाला पडतं. मग डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. मग उजवीकडे भाज्या. मग भाताची मूद, तिच्यावर वरण आणि वरणावर तूप. तूप पडून यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणेपर्यंत पानाला कुणी हात लावत नाही.

पोटात कावळे ओरडत असताना हा सगळा क्रम म्हणजे निव्वळ छळ वाटतो. लहानपणी मलाही वाटायचा. मीठ आधी पडलं काय आणि शेवटी पडलं काय, पोटात जाऊन सगळं एकच होणार, असा माझा बिनतोड युक्तिवाद असे. पण पुढे जो धंदा माझ्या नशिबी आला, त्याने मला या क्रमाचा भक्त करून सोडलं.

हा धंदा लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. डॉक्टरला, वकिलाला, शिक्षकाला असा प्रसंग येत नाही. एका लग्नात आमच्या एका मावशीने मला सरळ विचारलं, “तू नक्की करतोस तरी काय रे?”

“मी वीज वाढतो, मावशी.”

“वीज? ती बटण दाबलं की येते ना?”

“घरात येते. प्रोसेसरच्या पानात ती वाढावी लागते. आधी मीठ, मग चटणी, मग भात.”

मावशीने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी पुढचं सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. पण मी थट्टा केली नव्हती. मराठी भाषेने माझ्यावर एक उपकार करून ठेवला आहे. ‘वाढणं’ या एकाच शब्दात तिने पानात अन्न घालणंही बसवलं आणि एखादी गोष्ट हळूहळू वर चढणंही बसवलं. माझं सगळं काम या दोन अर्थांच्या मधल्या जागेत चालतं. विजेचा दाब कुणाच्या पानात कधी वाढायचा आणि किती वेगाने वाढू द्यायचा, एवढंच ते काम.

तुम्ही म्हणाल, वीज ती वीज. तिच्यात मीठ कुठलं आणि भात कुठला? तर तेही सांगतो.

संगणकात, फोनमध्ये, एवढंच काय, नव्या धर्तीच्या कपडे धुण्याच्या यंत्रातही एक प्रोसेसर बसलेला असतो. बाहेरून तो नखाएवढा, फार तर सुपारीएवढा काळा चौकोन दिसतो. पण हा बुटका गृहस्थ एका दाबाच्या विजेवर कधी समाधान मानत नाही. त्याच्या आतल्या गाभ्याला, म्हणजे जिथे प्रत्यक्ष हिशेब चालतो त्या भागाला, एक व्होल्टच्या आसपास वीज लागते. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या त्याच्या पायांना १.८ किंवा ३.३ व्होल्ट लागतात. शेजारच्या स्मरणचिपांना आणखी निराळा दाब लागतो. या वेगवेगळ्या दाबांच्या वाटांना आमच्या धंद्यात ‘रेल’ म्हणतात. एखाद्या साध्या पाटीवरही अशा चार-पाच रेल सहज निघतात. मोठ्या यंत्रात त्यांची संख्या वीस-पंचवीसवर जाते. एवढी पानं एका वेळी मांडली, की कुणाला आधी वाढायचं हा प्रश्न आलाच.

या क्रमाची आणि माझी पहिली ओळख १९८० च्या सुमारास, मी शिकत असताना, एका प्रयोगशाळेत झाली. इंटेल कंपनीने १९७४ साली ८०८० नावाचा प्रोसेसर काढला होता. त्याचं एक प्रशिक्षण-यंत्र आमच्याकडे होतं. या ८०८० ला तीन प्रकारची वीज लागे: अधिक बारा व्होल्ट, अधिक पाच व्होल्ट आणि उणे पाच व्होल्ट. त्याच्याबद्दलचा दंडक असा, की उणे पाच सर्वांत आधी लावायचे आणि सर्वांत शेवटी काढायचे. यात उलटापालट झाली तर चिप कायमची निकामी.

प्रयोगशाळा सांभाळणारे एक वयस्कर काका होते. आम्ही मुलं त्यांना थोडे वचकून असू. त्यांचं शिक्षण फार झालं नव्हतं, पण तरण्या पोरांच्या हाताला किती घाई असते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी तीन बटणांवरून एक लाकडी पट्टी अशी काही बसवली होती, की पहिलं बटण खाली केल्याशिवाय पट्टी सरकत नसे आणि पट्टी सरकल्याशिवाय बाकीच्या दोन बटणांना बोट लागत नसे. बंद करताना तीच पट्टी उलट्या क्रमाने राखण करी. पट्टीवर त्यांनी खडूने लिहून ठेवलं होतं: ‘आधी उणे.’ मी त्यांना एकदा विचारलं, “काका, उणे पाचचा एवढा मान का?” ते म्हणाले, “मानाचं काही नाही रे. तो नसला तर बाकीचे आपापसांत जळून मरतात. म्हणून तो आधी.”

याहून चांगलं उत्तर मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. त्या चिपचा जो सिलिकॉनचा पाया होता, त्याला हे उणे पाच व्होल्ट दिलेले असत. त्या ओढीमुळे चिपवरचा प्रत्येक ट्रान्झिस्टर आपापल्या कुंपणात राही. उणे पाच नसताना बारा व्होल्ट आले तर कुंपणंच उभी नसत. जे ट्रान्झिस्टर बंद असायला हवेत ते अर्धवट उघडे पडत, वीज नको त्या वाटांनी धावे आणि चिप तापून संपे. गंमत अशी, की या उणे पाचच्या वाटेवरून जाणारा प्रवाह अगदी क्षुल्लक असे. कामाची सगळी वीज बाकीच्या दोघांकडून येई. पानातल्या मिठासारखंच ते. पोट काही मिठाने भरत नाही, पण सगळं पान त्याच्यावर तोललेलं असतं.

पुढे १९७६ साली इंटेलने ८०८५ काढला. त्याच्या नावातला शेवटचा पाच ही एकट्या पाच व्होल्टांवर भागत असल्याची खूण. १९७८ चा ८०८६ ही तसाच. आम्हांला वाटलं, चला, पंगत मोडली. आता एका ताटलीत सगळं कालवून द्यायला हरकत नाही. पंधरा-वीस वर्षं हा सुकाळ टिकला. १९९३ साली आलेला पहिला पेंटियमही पाच व्होल्टांवरच चाले. पण १९९७ च्या जानेवारीत पेंटियम एमएमएक्स आला, तो दोन पानं मांडूनच: गाभ्याला २.८ व्होल्ट आणि बाहेरच्या पायांना ३.३ व्होल्ट. पंगत परत बसली, आणि ती काही अजून उठलेली नाही.

तिला परत बसवलं ते उष्णतेने. चिपमध्ये जी वीज जळते ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात जळते. पाच व्होल्टांवरून एक व्होल्टवर आलं, की तेच काम पंचविसाव्या हिश्श्यात होतं. शिवाय ट्रान्झिस्टर लहान होत गेले तशी त्यांच्या आतली विद्युतरोधक पापुद्र्याची भिंतही पातळ होत गेली. २००३-०४ च्या सुमारास ती १.२ नॅनोमीटरवर आली होती. माणसाच्या केसाच्या जाडीचा पन्नास हजारावा हिस्सा म्हटला तरी चालेल. एवढ्या नाजूक भिंतीला पाच व्होल्टांचा धक्का कसा सोसणार? म्हणून गाभ्याचा दाब उतरत उतरत एक व्होल्टवर आला. पण बाहेरचं जग थोडंच एका रात्रीत बदलतं? तिथले जुने सोयरे ३.३ व्होल्टांतच बोलत राहिले. तेव्हा घरात एक भाषा आणि ओटीवर दुसरी, अशी गत झाली.

आता या दोन भाषांच्या घरात क्रम चुकला तर काय होतं?

समजा, बाहेरच्या एखाद्या चिपला वीज मिळाली आहे आणि प्रोसेसरला अजून मिळायची आहे. बाहेरची चिप आपल्या तारेवरून ३.३ व्होल्टांचा निरोप पाठवते. प्रोसेसरच्या प्रत्येक पायाशी, हाताच्या घर्षणविजेपासून बचाव म्हणून, एक डायोड बसवलेला असतो. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. पायावरचा दाब आतल्या रेलपेक्षा अर्ध्यापाऊण व्होल्टने वर गेला, की हे दार उघडतं. रेल तर उपाशीच असते. मग निरोपाची वीज त्या दारातून आत शिरून रेलमध्ये पसरते. पाहुणा पुढच्या दाराने यायचा तो मागच्या दाराने माजघरात येऊन बसतो. प्रोसेसर धड जागाही होत नाही आणि धड झोपतही नाही.

याहून भयंकर प्रकार म्हणजे ज्याला आम्ही ‘लॅच-अप’ म्हणतो तो. चिपमधल्या शेजारशेजारच्या थरांतून, कुणी मुद्दाम न करता, दोन ट्रान्झिस्टर आपोआप तयार झालेले असतात. एरवी ते निजलेले असतात. पण चुकीच्या वेळी चुकीच्या वाटेने वीज आत शिरली, की त्यांतला एक जागा होतो आणि दुसऱ्याला वाढतो. दुसरा जागा होऊन पहिल्याला वाढतो. पंगतीतला आग्रह तुम्ही पाहिला आहे ना? “तुम्ही एक घ्या, मग मी एक घेतो.” “तुम्ही दोन घ्या, मग मी दोन घेतो.” दोघेही भिडस्त, दोघेही हट्टी. हा आग्रह एकदा सुरू झाला, की मूळ कारण निघून गेलं तरी थांबत नाही. विजेचा पुरवठाच तोडावा लागतो. तो वेळेवर तुटला नाही तर चिपच्या पोटात भोक पडतं. असल्या चिपा मी भिंगाखाली पुष्कळ पाहिल्या आहेत. काळ्या पाठीवर एक लहानसा फोड, त्याच्याभोवती तपकिरी वलय. अति आग्रहाने गेलेले जीव.

म्हणून क्रम. पण सगळ्या घरांचा क्रम एकच असतो म्हणाल तर तसं नाही. कुठे दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे, कुठे धने-गूळ. प्रत्येक घराचा कुळाचार वेगळा. तसंच इथे. झायलिंक्स कंपनीच्या झिंक-७००० या मालिकेला आधी गाभ्याचा एक व्होल्ट लागतो, मग १.८ व्होल्ट आणि बाहेरच्या पायांची वीज सर्वांत शेवटी. त्यामागचा विचार सरळ आहे. बाहेरच्या पायांना हलवणारं डोकं गाभ्यात असतं; डोकं जागं नसताना पाय जागे झाले तर ते कुठे पडतील याचा नेम नाही. याउलट टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम३३५एक्स या प्रोसेसरांत १.८ व्होल्ट आधी, मग स्मरणचिपांची वीज, मग ३.३ व्होल्ट आणि गाभ्याचे १.१ व्होल्ट शेवटी. त्यांनी आतली रचनाच तशी केली आहे. डीडीआर-४ जातीच्या स्मरणचिपांचा कुळाचार आणखी निराळा: तिथे २.५ व्होल्टांची एक रेल १.२ व्होल्टांच्या रेलच्या खाली एक क्षणही येता कामा नये. दुसऱ्याच्या घरी वाढायला गेलेल्या माणसाने आधी स्वयंपाकघरात डोकावून “तुमच्याकडे कसं करतात?” असं विचारावं, तसं आम्हांला प्रत्येक चिपचं माहितीपत्रक पुढ्यात घेऊन बसावं लागतं. आपल्या घरची पद्धत तिथे चालत नाही.

वाढण्याच्या तऱ्हाही तीन. तीन माणसं तीन मजल्यांवर निघाली आहेत असं समजा. पहिली तऱ्हा म्हणजे एक जण आपल्या मजल्यावर पोचल्यावरच दुसऱ्याने पायरी चढायची. दुसरी म्हणजे तिघांनी एकदम निघायचं आणि एकदमच पोचायचं. अर्थात तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्याने झपाझपा चढायचं आणि पहिल्यावर जाणाऱ्याने रेंगाळायचं. तिसरी तऱ्हा म्हणजे तिघांनी खांद्याला खांदा लावून चढायचं आणि ज्याचा मजला येईल त्याने तिथे थांबायचं. जिथे दोन रेलमधलं अंतर फार वाढू द्यायचं नसतं, तिथे ही तिसरी तऱ्हा उत्तम. चढणं सगळं काही मिलिसेकंदांचं असतं. डोळ्याला दिसतं ते एवढंच, की बटण दाबलं आणि दिवा लागला.

हे सगळं सांभाळायला काकांची लाकडी पट्टी आता पुरत नाही. तिचं काम आता चिपा करतात, पण युक्ती तीच. एका रेलचा वाढपी आपलं काम झालं की ‘झालं’ अशी खूण करतो आणि त्या खुणेने पुढच्याचं दार उघडतं. तुमच्या घरी टेबलावरचा संगणक असेल तर त्यातही हेच चालतं. १९९५ साली ठरलेल्या एटीएक्स नावाच्या पद्धतीप्रमाणे त्याच्या वीजपेटीतून पाच व्होल्टांची एक बारीक वाट, संगणक बंद असतानाही, सतत जागी असते, देवघरातल्या नंदादीपासारखी. तुम्ही बटण दाबलंत की ही जागी असलेली वाट मोठ्या विजेला हाक मारते. बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट चढतात. चढताना बारा आणि पाच यांनी ३.३ च्या खाली कधीही राहायचं नाही असा दंडक आहे. सगळे आपापल्या जागी पोचले तरी पेटी लगेच बोलत नाही. ती आणखी १०० ते ५०० मिलिसेकंद थांबते आणि मगच ‘वीज ठीक आहे’ असा निरोप देते. तो मिळाल्यावर प्रोसेसर पहिला घास उचलतो. तूप पडल्यावरचं ‘सावकाश होऊ द्या’ हेच.

एवढ्याशा गोष्टीचं एवढं कौतुक कशाला, असं तुमच्या मनात येत असेल. क्रम चुकला तर फार तर एक चिप जाईल, दुसरी घाला! पण चिप जळते तेव्हा निदान कळतं तरी. ती जळत नाही आणि तरीही चुकतं, तेव्हा त्याची किंमत भलताच माणूस भरतो. असा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे.

कोल्हापूरकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र होतं. तिथलं फॅट मोजायचं यंत्र वेड्यासारखं वागतं म्हणून एका मित्राने मला नेलं. ते कुणी बनवलं होतं हे सांगण्यात आता अर्थ नाही. पहाटे साडेपाचची वेळ, थंडीचे दिवस. किटल्या घेऊन रांग लागली होती. यंत्राचे दोन भाग होते. दुधात नळी बुडवून मोजणारा भाग बॅटरीवर चाले, कारण तो एकदा थंड झाला की परत तयार व्हायला वेळ घेई. हिशेब करून चिठ्ठी छापणारी पेटी भिंतीतल्या विजेवर चाले. दोघांना जोडणारी एक तार.

गावात वीज जाणं नवीन नव्हतं. ती गेली आणि आली, की यंत्र पुढच्या प्रत्येकाला शेवटच्या माणसाचीच फॅट छापून देई. निर्भेळ दूध आणणाऱ्यालाही तीच आणि नदीवरून फेरी मारून आलेल्या दुधालाही तीच. दुसऱ्या जातीच्या लोकांची यंत्राबद्दल काहीच तक्रार नव्हती, हे वेगळं सांगायला नको. तीन-चार चिठ्ठ्या सारख्या निघाल्या, की सचिवांच्या लक्षात येई. मग ते यंत्र बाजूला ठेवून हाताने मागच्या दहा दिवसांची सरासरी लिहीत.

रांगेत एक बाई होत्या. एकच म्हैस. त्यांनी त्या महिन्यात उसनवारी करून सरकी पेंड सुरू केली होती आणि दुधाला फॅट चढली होती. पण सरासरी काही पेंड खात नाही. वाढलेली फॅट चिठ्ठीवर उमटेना आणि दहा दिवसांच्या बिलात दिसेना. सचिव म्हणाले, “यंत्र बंद आहे, मी काय करू?” त्या म्हणाल्या, “म्हशीला काय ठावं, मशीन बंद हाय ते?”

मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मी पेटीकडे वळलो.

सुगावा दिला तो सचिवांच्या पुतण्याने. तो म्हणाला, “कायबी न्हाई सायेब, ही मधली तार उपसायची आन परत लावायची. चालतंय.” गावाने याला पोराचा हातगुण ठरवलं होतं. मी पेटीची भिंतीतली वीज बंद केली आणि आतल्या ३.३ व्होल्टांच्या रेलवर मीटर लावला. शून्य दिसायला हवं होतं. दिसले १.६ व्होल्ट! पाच मिनिटं थांबलो. हलायला तयार नाहीत. मग पोराला म्हटलं, “उपस तार.” त्याने तार उपसली आणि आकडा घसरत शून्यावर आला.

सगळा उलगडा झाला. भिंतीतली वीज गेली तरी मोजणारा भाग बॅटरीवर जागाच राही आणि तारेवरून निरोप पाठवीत बसे. ती वीज पायाशेजारच्या डायोडातून आत शिरून रेल अर्धवट भरलेली ठेवी. वीज परत आली, की पेटीला वाटे, आपण तर जेवतच होतो! नव्याने सुरुवात करायची असते हेच तिला कळत नसे. कारण सुरुवातीची खूण देणारा तिथला भाग एका साध्या कपॅसिटरवर अवलंबून होता आणि रेल पूर्ण रिकामी झाल्याशिवाय तो कपॅसिटरही रिकामा होत नव्हता. म्हणून अर्ध्या तंद्रीत ती जुनाच आकडा घोकत राही. पोराच्या हातात गुण होताच, फक्त तो मागचं दार बंद करण्याचा होता.

पुढच्या खेपेला मी तीन वस्तू घेऊन गेलो. स्वतःला वीज नसताना तारेवरचं काही आत येऊ न देणारी एक चिप मधे बसवली. रेल लवकर रिकामी व्हावी म्हणून एक रोधक घातला. आणि त्या कपॅसिटरच्या जागी एक राखणदार चिप लावली: दाब ३.०८ व्होल्टांच्या वर गेल्यावर आणखी सुमारे २०० मिलिसेकंद थांबायचं, आणि मगच पेटीला जेवायला सांगायचं. तिन्हींची मिळून किंमत एका साध्या ताटाहून कमी. मग आम्ही भिंतीतलं बटण पन्नास वेळा बंद-चालू केलं. पन्नासही वेळा पेटी शहाण्यासारखी उठली.

त्या बाईंची किटली आली. चिठ्ठी निघाली: सात पूर्णांक सहा. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, “उद्याबी हेच येईल का?”

“म्हशीने आजच्यासारखं खाल्लं तर येईल,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. चिठ्ठी त्यांनी पदराच्या गाठीत बांधली आणि निघाल्या. माझ्या कामाची एवढी नेमकी पावती मला त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि पुढेही मिळाली नाही.

पंगतीची एक बाजू मात्र सांगायची राहिली: पंगत उठण्याची. बसवण्याइतकंच ते महत्त्वाचं. वाढताना जो शेवटी आला, त्याने आधी उठायचं आणि जो पहिला आला त्याने शेवटी, असा बहुतेक घरांचा नियम. पण उठायला सवड मिळतेच असं नाही. भिंतीतली वीज अचानक गेली, की संगणकाच्या पेटीजवळ साठवणीतली वीज उरते ती सोळाएक मिलिसेकंदांची. तेवढ्यातही दाब ढासळण्याच्या निदान एक मिलिसेकंद आधी ‘आता आवरा’ असा निरोप ती देते. एक मिलिसेकंद म्हणजे काय, असं म्हणू नका. सेकंदाला एक अब्ज ठोके मोजणाऱ्या प्रोसेसरच्या दृष्टीने ते दहा लाख ठोके आहेत. चालता हिशेब आवरायला पुष्कळ वेळ झाला.

आपल्या जुन्या पंगतींचा क्रम ज्या कारणांनी ठरे, त्यांतली काही आज आठवली तर मान खाली जाते. कुणी कोणत्या ओळीत बसायचं, कुणी ओटीवर आणि कुणी अंगणात बसायचं, हे मानपानाने आणि जातीपातीने ठरे. बायका तर सगळ्यांत शेवटी, गार भातावर. माझ्या विजेच्या पंगतीत मला आवडतं ते हे, की तिथे मान कुणालाच नाही. शंभर अँपियर ओढणाऱ्या गाभ्यालाही नाही. कुणाला काय सोसणार नाही आणि कुणाच्या नसण्याने इतरांना इजा होईल, एवढ्यावरच तिथला क्रम ठरतो. घरातल्या पंगतीही याच हिशेबाने बसवल्या असत्या तर पुष्कळ पानं वेगळ्या जागी मांडली गेली असती.

आणि हे लिहिताना नरकचतुर्दशीची पहाट आठवते. आम्ही भावंडं उठायचो तेव्हा बंब पेटलेला असे, उटणं भिजवलेलं असे, तेल कोमट असे, पायाखाली फोडायची कारिटं दारात ठेवलेली असत आणि फराळाची ताटं झाकून तयार असत. हे आपोआप होतं अशी आमची समजूत होती. रात्री सगळे निजल्यावर पणत्यांतलं तेल पाहून, मागचं दार लावून, आई शेवटी आडवी व्हायची. घरातली कमाई वडिलांची. घराचा आवाज आजीचा. आईच्या वाट्याचा प्रवाह अगदी क्षुल्लक दिसे. एक वर्ष दिवाळीत ती आजारी पडून दवाखान्यात होती. घरात तेल होतं, उटणं होतं, पैसे होते, माणसंही होती. पण बंब पेटायला आठ वाजले आणि तोवर आम्ही सगळे एकमेकांवर ओरडून मोकळे झालो होतो.

पुढे काही वर्षांनी प्रयोगशाळेत काकांच्या पट्टीवरचे ते दोन शब्द वाचले, तेव्हा मला ते समजावून सांगावे लागले नाहीत.